पत्रकातला ‘पण’

पेणच्या माणसाला, गणपती भाद्रपदात येतात, हे सांगून खरे वाटत नाही. आमच्याकडे ते बारा महिने मुक्कामालाच असतात. अनंत चतुर्दशी उलटली की गाव चार दिवस जरा पाठ टेकते, आणि मग पुन्हा साचे धुऊन पुसून बाहेर निघतात. दिवाळीत पणत्या लावाव्यात तर ओटीवर कच्च्या मूर्ती वाळत बसलेल्या. संक्रांतीपर्यंत माळे भरतात, शिमग्यापर्यंत जिने. हळदीकुंकवाला कोणाकडे जावे तर पाऊल कोठे टाकावे ते कळत नाही. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या बाजूला गेलात तर घर कोठे संपते आणि कारखाना कोठे सुरू होतो हे घरधन्यालाही सांगता यायचे नाही. भोंगा नाही, धुराडे नाही, तरी आम्ही त्याला कारखानाच म्हणतो.

मी या गावात राहते आणि रोह्याच्या बाजूच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली निघाले, तेव्हापासून त्या रस्त्याचा मी नाद सोडला आहे. गाडी बरी. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. तासाभराच्या या प्रवासात एका टोकाला मूर्ती आहेत आणि दुसऱ्या टोकाला धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली रसायने. मध्ये मी, समास आणि अलंकार यांचे गाठोडे घेऊन. मूर्तीचा आणि रसायनाचा संबंध माझ्याशी कधी येईल असे मला वाटले नव्हते. पण तो आला, आणि आला तोही ‘पण’ याच शब्दापायी.

झाले असे. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ रोजी, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरील बंदी काटेकोरपणे अमलात आणा, असा आदेश दिला. बंदी तशी नवी नव्हती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, १२ मे २०२० रोजी त्या अधिक कडक केल्या, आणि लगेच त्याच महिन्यात करोनामुळे कारागिरांची अडचण होईल म्हणून केंद्र सरकारने एक वर्षाची सवलत दिली. सवलतीला आपल्याकडे शेपूट असतेच. ते २०२५ पर्यंत लांबले. मग माघी गणेशोत्सवात मुंबईच्या उपनगरांतल्या काही उंच मूर्तींचे विसर्जन अडले आणि त्या महिनोन् महिने झाकून ठेवाव्या लागल्या. झाकलेला गणपती वर्तमानपत्रात दिसला, आणि आमच्या गावाच्या पोटात गोळा उठला. पेणमध्ये तोवर लाखो मूर्ती साच्यांतून निघाल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य प्लास्टरच्या.

प्रश्न रसायनाचा होता तोवर त्यावर बोलायला कोणी तयार नव्हते. तो न्यायालयात गेला, देवाचा झाला, पोटाचा झाला, आणि निवडणुका तोंडावर असलेल्या राज्यात मतांचाही झाला. तेव्हा बोलायला सगळेच पुढे आले. विनोबांचे गागोदे आमच्याच तालुक्यातले. राजकारणाचे दिवस सरले, आता विज्ञान आणि अध्यात्म यांचे दिवस आले, असे ते सांगत. गागोद्याहून पेणला येईपर्यंत त्या विचाराचे काय झाले, कोण जाणे. आमच्याकडे विज्ञान आणि देव दोघेही राजकारणाच्या गाडीत बसून आले.

याच सुमारास आमच्या महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे सर एक दुमडलेला कागद घेऊन माझ्याकडे आले. हे गृहस्थ मितभाषी. फळ्यावर समीकरण लिहून झाले की बोलायचे काही उरले नाही असे मानणारे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी गावोगाव वाटायला एक पत्रक हवे होते. मजकूर सरांनी इंग्रजीत काढला होता. ते म्हणाले, “मॅडम, एवढं मराठीत करून द्या. साधंच आहे.”

साधे होते खरे. जिप्सम नावाचा दगड सुमारे दीडशे अंशांवर भाजला की त्यातले तीनचतुर्थांश पाणी उडून जाते. उरते ते प्लास्टर. त्यात पाणी घातले की ते गेलेले पाणी परत घेते आणि पाहता पाहता पुन्हा दगड होते. पेणच्या कारागिराला ते का आवडते तेही यातच आले. पावसाळ्याच्या तोंडावर शाडूची मूर्ती दिवस दिवस सुकत नाही, वजनाला जड, प्रवासात हात निखळतो. प्लास्टरमध्ये जरा काथ्या घातला की मूर्ती हलकी, मजबूत, आणि थेट मॉरिशसला किंवा अमेरिकेला धाडता येते. आता हा दगड पाण्यात किती विरघळतो? लिटरला दोन-सव्वादोन ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत तीस-पस्तीस ग्रॅम. किलोभराची मूर्ती बादलीत महिनाभर ठेवली तरी देव जागचे हलायचे नाहीत. घरोघरच्या बायकांना हा अनुभव आहेच. त्यांना फक्त आकडा ठाऊक नव्हता.

येथवर कोणाची हरकत नव्हती. पुढे सरांनी लिहिले होते, की प्लास्टर स्वतः विष नव्हे. सिमेंटमध्ये जिप्सम असते, खारवट जमीन सुधारायलाही ते घालतात. घात करतात ते काही रंग. त्यांत शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांसारखे धातू असू शकतात. भोपाळच्या मोठ्या तलावात विसर्जनानंतर अशा धातूंचे प्रमाण वाढलेले अभ्यासकांना आढळले आहे. तळे वेगळे आणि समुद्र वेगळा, हेही त्यांनी नोंदवले होते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सल्फेट मुळातच अडीच ग्रॅमांहून अधिक असते. गावतळ्याचे पाणी मात्र बिचारे गोडे आणि मोजके. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधलेली युक्ती पत्रकात होती. बिस्किटे फुगवायला बेकरीवाले जे अमोनियम बायकार्बोनेट वापरतात, ते साधारण मूर्तीच्या वजनाइतके बादलीभर पाण्यात कालवायचे. एक-दोन दिवसांत मूर्तीचा खडूसारखा गाळ होतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते, ते झाडांना खत म्हणून चालते. वास मात्र येतो. आणि घरगुती मूर्तीला हे ठीक. पंधरा फुटी मूर्तीला बादली कोठून आणणार?

शेवटी एक ओळ होती. शाडूची माती पाण्यात लवकर सुटते व म्हणून ती बरी, पण लहानशा तळ्यात शेकडो मूर्ती गेल्या तर तिचाही गाळ साचतो. तिच्यावर घातक रंग चढवला तर रंगाचा दोष काही मातीने धुऊन निघत नाही. आणि ही माती आमच्या भोगावतीच्या काठची नसून बहुतेक गुजरातेतून खणून आणलेली असते.

सगळी लढाई या ओळीवर झाली.

मला आधी शब्दांनी छळले. ‘विरघळते’ हा शब्द शाडूला लावावा का? साखर विरघळते, माती भिजून सुटते, तळाशी बसते. विरघळते म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढून ती नाहीशी होते. मी ‘सुटते’ लिहिले. मग ‘पर्यावरणपूरक’. हा शब्द आता प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असतो. पूरक म्हणजे भर घालणारे. पाण्यात सोडलेली कोणती मूर्ती पाण्यात भर घालते, गाळाखेरीज? मी तो शब्द काढून ‘कमी हानी करणारी’ असे घातले. सर खूष झाले. ते म्हणाले, “आमच्या भाषेत याला अचूकपणा म्हणतात.” मी म्हटले, “आमच्या भाषेतही तेच म्हणतात, सर. फक्त आमचं कोणी ऐकत नाही.”

मसुदा फिरायला लागला, आणि पहिल्यांदा आले ते एका निसर्गप्रेमी मंडळाचे गृहस्थ. माणूस सालस, स्वतःच्या खर्चाने तळी उपसणारा. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, “बाई, शाडूबद्दलचं ते वाक्य तेवढं काढा.”

“खोटं आहे का?”

“खोटं नाही हो. पण आत्ता नको. लोक म्हणतील, दोन्ही सारखंच, मग प्लास्टर काय वाईट? एकदा सवय बदलू दे, मग सांगू सावकाश.”

दोनच दिवसांनी एका पक्षाचे तरुण कार्यकर्ते आले. त्यांचा आग्रह नेमका उलटा. “मॅडम, तेवढंच वाक्य ठेवा. बाकीचं रसायनशास्त्र कशाला? लोकांना त्यातलं काय कळतंय?” मग जाता जाता म्हणाले, “आणि रोह्याच्या कारखान्यांचं पाणी कुंडलिकेत जातं, ते लिहिलंत का? आमच्या गणपतीवरच सगळ्यांचा डोळा!”

आता गंमत अशी की हा दुसरा मुद्दा काही हवेतला नव्हता. कुंडलिकेच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी पंचक्रोशीत कोणाला नव्या नाहीत. मी रोज तिच्या काठच्या गावी जाते. पण खरी गोष्ट दुसऱ्या खऱ्या गोष्टीच्या तोंडावर दाबायला वापरली, की तिचे बोळ्यात रूपांतर होते. त्याला मी सांगितले, कुंडलिकेवर वेगळे पत्रक काढू, तुम्ही छपाईला वर्गणी द्या. वर्गणी अद्याप आलेली नाही.

मला त्या दोघांत एक साम्य दिसले. एक सज्जन, एक धूर्त. एकाला वाक्य नको, दुसऱ्याला तेच हवे. परंतु लोकांना सगळे सांगितले तर ते गोंधळतील, याबद्दल दोघांची खात्री सारखीच होती. मी वीस वर्षे वर्ग घेते आहे. मुले गोंधळतात ती अर्धे सांगितल्यामुळे. पुरते सांगितले तर फार तर कंटाळतात.

माधव गाडगीळांच्या अहवालाचे काय झाले ते या वेळी मला फार आठवले. पश्चिम घाटाचा अभ्यास करायला केंद्राने २०१० साली त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आमच्या रायगडचा डोंगरपट्टाही तिच्या कक्षेत होता. अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी सादर झाला आणि सरकारने तो कपाटात ठेवला. माहिती अधिकाराखाली अर्ज, माहिती आयोगाचा निकाल, दिल्ली उच्च न्यायालय, असे करीत मे २०१२ मध्ये तो उजेडात आला. उजेडात म्हणजे इंग्रजीत. तो ज्यांच्या शेताबांधाबद्दल होता, त्यांनी तो वाचायचा कसा? समितीचे म्हणणे होते, की आमच्या सूचना ग्रामसभांपुढे ठेवा, त्यांना काय वाटते ते विचारा, मग ठरवा. गावांत पोचली ती अफवा: घराला वीट लावता येणार नाही, शेतात नांगर घालता येणार नाही. आणि सरकारी मराठी सारांश निघाला तो मुळाशी प्रामाणिक नाही, अशी गाडगीळांची जाहीर तक्रार होती. मराठीच्या शिक्षिकेने मान खाली घालावी अशी ही हकिगत आहे. शास्त्रज्ञाचे वाक्य लोकांपर्यंत नेणारा पूल आमच्या भाषेचा; आणि पुलावरच जकातनाका बसला. अहवाल पटणे न पटणे पुढचे. तो बरोबर की चूक हे भांडण व्हायला आधी तो जसाच्या तसा हाती पडायला हवा होता.

याची दुसरी बाजू इटलीतल्या लाक्विला गावी दिसली. तेथे २००९ साली महिनोन् महिने बारीक धक्के बसत होते. लोक घाबरून रात्री अंगणात झोपू लागले. भूकंपतज्ज्ञांची बैठक भरली, आणि एका सरकारी अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर सांगून टाकले, की काळजीचे कारण नाही, उलट धक्क्यांनी जमिनीतला जोर निघून जातो आहे. शास्त्रज्ञांना ठाऊक होते ते एवढेच, की मोठा भूकंप होईल असे सांगता येत नाही आणि होणार नाही असेही सांगता येत नाही. त्यांतले दुसरे अर्धे लोकांपर्यंत गेलेच नाही. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला. तीनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत धीर मिळाल्यामुळे घरात झोपलेलीही होती. सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना २०१२ मध्ये सहा सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ अपिलात सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. शास्त्रज्ञांना तुरुंगात घालणे मला रानटीपणाचेच वाटते. पण ‘सांगता येत नाही’ हे वाक्य लोकांना झेपणार नाही असे जर कोणी परस्पर ठरवले असेल, तर तो निर्णय रसायनाचाही नव्हे आणि भूगर्भाचाही नव्हे.

तर मी ‘पण’ ठेवला. मराठीत पण म्हणजे परंतु आणि पण म्हणजे प्रतिज्ञाही, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. त्या दिवशी सरांनाही सांगितले. ते हसले नाहीत. त्यांना भीती वेगळीच होती, आणि ती आठवड्यात खरी ठरली. मूर्तिकारांच्या एका सभेत कोणी तरी व्यासपीठावरून आमचे पत्रक फडकावले आणि शाडूच्या गाळाचे तेवढे वाक्य खणखणीत वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. आधीची चार वाक्ये वाचायला वक्त्याला वेळ नव्हता. सर दुसऱ्या दिवशी गाडीत माझ्यासमोर बसले आणि कासूपर्यंत काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, नसतं लिहिलं तर?”

मी म्हटले, “तर ते वाक्य त्यांनी दुसरीकडून आणलं असतं, आणि सभेत म्हणाले असते, हे बघा, या प्राध्यापकांनी लपवलं. मग उरलेल्या चार वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवला नसता.”

त्यांना ते पटले की नाही कळले नाही. नागोठणे आले आणि गर्दी चढली.

मला खरी अडचणीत टाकले ते एका रंगकाम करणाऱ्या बाईने. आमच्या मागच्या आळीतल्या कारखान्यात ती मूर्तींची पितांबरे रंगवते. मी रस्त्याने जात असताना तिने कुंचला तसाच हातात धरून हाक मारली. “बाई, तुमचा कागद पोरीनं वाचून दाखवला. पान्याचं लिवलं, मातीचं लिवलं. आमचं काय?”

याला रसायनशास्त्राकडे उत्तर नाही. किती ग्रॅम विरघळते ते तराजू सांगतो. बंदीचा भार कोणी सोसायचा ते तराजू सांगत नाही. तरीही जो तो आपले मत विज्ञानाच्या तोंडून वदवायला बघतो. बंदी हवी असणारा म्हणतो, विज्ञान सांगते बंदी घाला. नको असणारा म्हणतो, विज्ञान सांगते घालू नका. विज्ञान यांतले काही सांगत नाही. ते सांगते, अमुक केलेत तर तमुक होईल. पुढे काय करायचे ते आपण, माणसांनी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत ठरवायचे असते. पत्रक लिहिणाऱ्याला मत असू नये असे मी म्हणत नाही. मला आहे, सरांनाही आहे, आणि आमची मते जुळत नाहीत.

दुसऱ्या छपाईच्या वेळी म्हणून मी एक हट्ट धरला. पानाच्या मध्यावर आडवी जाड रेघ मारायची. रेघेच्या वर मोजलेले, तपासलेले. जेथे खात्री नाही तेथे तसे लिहिलेले. रेघेखाली ‘आम्हांला असे वाटते’ या मथळ्याने आमचे म्हणणे: घरची मूर्ती लहान घ्या; रंग कोणते ते विचारा; आणि प्लास्टर सोडायला सांगायचे तर कारागिराला शाडू, जागा आणि मूर्ती सुकवायला पुरेसे दिवस मिळतील अशी मुदत द्या, ज्या बायका रोजावर रंगकाम करतात त्यांचा बुडणारा रोज कोण भरणार ते आधी ठरवा. रेघेखालचे कोणाला पटले नाही तरी रेघेवरचे त्याच्या कामाचे राहील, एवढाच हिशेब. सर म्हणाले, “आमच्या जर्नलमध्ये अशी रेघ नसते.” मी म्हटले, “तुमच्या जर्नलवर कोणी मोर्चा आणत नाही.”

दरम्यान वरच्या पातळीवर वारे फिरत होते. राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे विषय अभ्यासाला दिला. ९ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली. नैसर्गिक पाण्यात त्या परवानगीवाचून सोडायच्या नाहीत एवढे बंधन ठेवले. २४ जुलैला ठरले, की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या. ही व्यवस्था मार्च २०२६ पर्यंतची होती. पेणमध्ये पेढे वाटले गेले. आमच्या पत्रकात यामुळे काय बदलायचे, असे मुलांनी विचारले. रेघेखालचे थोडे बदलले. रेघेवरचे काहीच बदलले नाही. जिप्सम न्यायालयाच्या तारखा पाळत नाही.

गणपतीच्या आधी आमच्या आळीतले कारखानदार काका घरी आले आणि पन्नास पत्रके मागू लागले. गिऱ्हाइकाला मूर्तीबरोबर द्यायची म्हणाले. त्या बादलीच्या युक्तीबद्दल मुंबईची माणसे फार विचारतात. मला आनंद झाला. दोन दिवसांनी त्यांच्या दुकानावरून जाताना पाहिले, तर प्रत्येक मूर्तीच्या पाटाशी पत्रक होते, आणि त्याची घडी अशी घातलेली, की शाडूच्या गाळाचे वाक्य बरोबर वर यावे. पुढच्या चौकातल्या शाडूवाल्याकडेही पत्रके होती. त्याची घडी वेगळी होती. त्याच्याकडे ते वाक्य आतल्या बाजूला होते आणि बादलीतले तीस-पस्तीस ग्रॅम बाहेर.

पुढल्या खेपेला पत्रक पोस्टकार्डाएवढेच काढावे, म्हणजे घडी घालायला जागाच राहणार नाही, असे सरांचे म्हणणे आहे. मला फक्त काळजी आहे ती अक्षरे फार बारीक होतील याची. रंगकामवाल्या बाईच्या मुलीने ती दिव्याखाली वाचून दाखवायची असतात.